हृदयाच्या वंशावळीचा शोध : डॉ. क्रिस्टीन साइडमन यांची ज्ञानसाधना

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील व्याख्यानाची संहिता)



आहारदान, औषधदान, ज्ञानदान आणि अभयदान ही चार दाने आपल्या परंपरेने श्रावकाच्या कर्तव्यात सांगितली आहेत. कोणत्याही धर्मादाय ट्रस्टच्या पन्नास वर्षांच्या हिशेबात यांपैकी पहिली दोन दाने सहज दिसतात; कारण किती जणांना भोजन दिले आणि किती रुग्णांना औषध दिले, हे मोजता येते. ज्ञानदान आणि अभयदान मोजणे अवघड. तथापि असे एक क्षेत्र आहे की जेथे औषध, ज्ञान आणि अभय ही तिन्ही दाने एकाच ठिकाणी येऊन मिळतात. ते क्षेत्र म्हणजे आनुवंशिक हृदयविकाराचे संशोधन. त्या क्षेत्रात अनेक दशके निष्ठेने कार्य केलेल्या अमेरिकेतील हृदयरोगतज्ज्ञ डॉ. क्रिस्टीन साइडमन यांचे जीवनकार्य हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे.

हृदयविकार म्हटले की साठीच्या घरातील गृहस्थ, रक्तदाब, मधुमेह, तुंबलेली रक्तवाहिनी आणि अँजिओप्लास्टी हे चित्र डोळ्यांसमोर येते. परंतु दुसरा एक हृदयविकार आहे, जो तरुणांनाही गाठतो. वीस-पंचवीस वर्षांचा धडधाकट, निर्व्यसनी मुलगा खेळाच्या मैदानावर किंवा जिना चढताना कोसळतो आणि डॉक्टर येण्यापूर्वीच सारे संपलेले असते. मग कोणी म्हणतात दृष्ट लागली, कोणी म्हणतात आयुष्याची दोरीच तेवढी होती. तो नवविवाहित असेल तर सुनेच्या पायगुणाकडे बोट दाखविले जाते. ज्या घरी वर्ष-दोन वर्षांपूर्वी ती माप ओलांडून आली, त्याच घरात ती जन्मभर अपराधी ठरते. त्याच घरातील मुलाचा काका वीस वर्षांपूर्वी असाच अकस्मात गेला होता, आणि त्याआधी आजोबांचा भाऊ, हे मात्र कोणी जोडून पाहत नाही. भाटांच्या वह्यांतून आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्यांच्या वंशावळी जपल्या गेल्या. त्यांत जन्म आहेत, विवाह आहेत, दत्तकविधान आहे. परंतु कोण कशाने गेले, याचा रकाना नाही. डॉ. साइडमन यांच्या संशोधनाचा आरंभ नेमका याच रकान्यापासून होतो.

या विकाराचे वैद्यकीय नाव हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपॅथी. सोप्या शब्दांत सांगायचे तर हृदयाच्या स्नायूची, विशेषतः हृदयाचे डावे-उजवे भाग वेगळे करणाऱ्या पडद्याची, विनाकारण वाढलेली जाडी. लंडनमधील विकृतिशास्त्रज्ञ डॉ. डोनाल्ड टिअर यांनी १९५८ साली अशा ८ तरुण रुग्णांच्या हृदयांचे वर्णन प्रसिद्ध केले आणि तेव्हापासून या व्याधीला वैद्यकशास्त्रात स्पष्ट ओळख मिळाली. पुढे १९९५ साली अमेरिकेतील तरुणांच्या एका मोठ्या पाहणीत असे दिसले की दर ५०० व्यक्तींमागे सुमारे एकाच्या हृदयात ही जाडी आढळते. म्हणजे ही व्याधी दुर्मीळ नाही. केवळ अनोळखी आहे. हेही लगेच सांगितले पाहिजे की हा दोष असलेली अनेक माणसे कोणताही त्रास न होता पूर्ण आयुष्य जगतात. धोका सर्वांना सारखा नसतो, आणि तो कोणाला अधिक आहे हे ओळखणे हाच या शास्त्राचा खरा प्रश्न होता.

क्रिस्टीन साइडमन यांनी हार्वर्ड येथून पदवी घेतली आणि १९७८ साली जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठातून वैद्यकीय शिक्षण पूर्ण केले. बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात त्यांनी औषधवैद्यकाचे आणि बोस्टन येथील मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये हृदयरोगशास्त्राचे प्रशिक्षण घेतले. त्यांचे पती डॉ. जोनाथन साइडमन हे रेणवीय जीवशास्त्राचे अभ्यासक. प्रतिपिंडांच्या जनुकांवर त्यांनी आधी काम केले होते. एक रुग्णाच्या छातीला स्टेथोस्कोप लावणारी आणि दुसरा प्रयोगशाळेत जनुके उलगडणारा, असा हा संसार पुढे एकाच प्रयोगशाळेत मांडला गेला. १९८४ साली हृदयातून स्रवणाऱ्या एका संप्रेरकाच्या रचनेवरील निबंधावर दोघांचीही नावे आहेत. त्यानंतर क्रिस्टीन साइडमन बोस्टनच्याच ब्रिगहॅम अँड विमेन्स हॉस्पिटलमध्ये आल्या, हार्वर्ड वैद्यकीय महाविद्यालयात प्राध्यापक झाल्या, आणि तरुणांचे प्राण घेणाऱ्या या आनुवंशिक व्याधीचे मूळ शोधणे हे त्यांच्या कार्याचे केंद्र बनले.

या शोधाची किल्ली बोस्टनमध्ये नव्हती. ती कॅनडातील क्वेबेक प्रांतात, कोएटिकुक नावाच्या छोट्या गावाशी संबंधित एका मोठ्या कुटुंबात होती. त्या कुटुंबात पिढ्यान्‌पिढ्या अकस्मात मृत्यू होत आले होते. डॉ. पारे या कॅनेडियन वैद्यांनी आपल्या सहकाऱ्यांसह त्या कुटुंबाची वंशावळ काढली, जिवंत सदस्यांची तपासणी केली आणि १९६१ साली तो सारा वृत्तांत प्रसिद्ध केला. त्या काळी जनुक वाचण्याचे तंत्र नव्हते, त्यामुळे डॉ. पारे यांना रोगाचे कारण सापडणे शक्यच नव्हते. त्यांनी केले ते एवढेच, की कोण गेले, कोणत्या वयात गेले, कोणाचे अपत्य होते, हे नीट लिहून ठेवले. आणि त्या कुटुंबाने केले ते एवढेच, की त्यांनी काही लपविले नाही. या दोन साध्या गोष्टींवर पुढची सर्व इमारत उभी राहिली.

सुमारे २८ वर्षांनंतर साइडमन दांपत्याच्या गटाने त्याच कुटुंबाचा अभ्यास नव्या साधनांनी केला. कुटुंबातील २० हयात आणि २४ दिवंगत व्यक्तींना ही व्याधी असल्याचे निश्चित झाले. ५८ हयात व्यक्ती निरोगी आढळल्या. हयात सदस्यांच्या रक्तातून डी.एन.ए. वेगळा करण्यात आला आणि सर्व गुणसूत्रांवर पसरलेल्या खुणा एकामागून एक तपासण्यात आल्या. कोणती खूण फक्त बाधितांकडेच आढळते आणि निरोग्यांकडे आढळत नाही, एवढाच प्रश्न होता. मानवी जनुकसंचाचा आराखडा २००३ साली पूर्ण झाला; १९८९ साली असा कोणताही नकाशा हाती नव्हता. अनोळखी शहरात पत्त्याशिवाय एक घर शोधण्यासारखे ते काम होते. अखेर चौदाव्या गुणसूत्रावरील एक खूण जुळली. हा योगायोग नसण्याची शक्यता दोन अब्जास एक इतकी भक्कम होती. १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या त्या निबंधाच्या लेखकांमध्ये, १९६१ साली वंशावळ लिहिणाऱ्या डॉ. पारे यांचेही नाव आहे. अठ्ठावीस वर्षांपूर्वी ज्याने बी पेरले त्याला फळाच्या मानात वाटा देणारी ही कृतज्ञता लक्षात ठेवण्यासारखी आहे.

घर सापडले, आता दार शोधायचे होते. चौदाव्या गुणसूत्रावर मायोसिन नावाच्या प्रथिनाचे जनुक असते, हे आधीच माहीत होते. मायोसिन म्हणजे हृदयाच्या स्नायूतील जाड धागा. स्नायूची रचना विणलेल्या कापडासारखी आहे असे समजावे. त्यात मायोसिनचे जाड धागे आणि ॲक्टिनचे बारीक धागे शिस्तीने एकमेकांत बसविलेले असतात. जाड धागा बारीक धाग्याला पकडतो, ओढतो आणि सोडतो. या ओढण्यातून हृदय आकुंचन पावते, सोडण्यातून ते सैलावते. माणसाच्या आयुष्यात ही क्रिया अब्जावधी वेळा घडते. मायोसिनच्या या मोठ्या साखळीत १९३५ अमिनो आम्लांचे मणी ओवलेले असतात. १९९० साली साइडमन गटाने दाखवून दिले की कोएटिकुकच्या कुटुंबात ४०३ क्रमांकाचा एकच मणी बदललेला आहे. आर्जिनिनच्या जागी ग्लुटामिन आले आहे. १९३५ मण्यांपैकी एक! ताग्यात मुळातला एक धागा चुकीचा लागला की सारी वीण बिघडत जाते. तसे या हृदयातील तंतू आपली शिस्त सोडून वेडेवाकडे होतात, स्नायू जाड होतो, विजेचा प्रवाह भरकटतो आणि एखाद्या क्षणी हृदयाचा ठेका चुकतो तो कायमचाच.

हा हृदयस्नायूच्या आनुवंशिक विकाराचे मूळ जनुकापर्यंत नेणारा पहिला शोध होता. त्याचा सामाजिक अर्थही तितकाच मोठा आहे. ज्या मृत्यूंना शाप, दृष्ट, पायगुण अशी नावे दिली जात होती, त्या मृत्यूंचे कारण जन्मापूर्वीच लिहिले गेलेले एक अक्षर आहे, हे सिद्ध झाले. घरात आलेल्या सुनेचा त्याच्याशी काडीचाही संबंध नाही. न्यायालयात निर्दोष सुटलेल्या व्यक्तीला निकालाची प्रत मिळते. अशा असंख्य स्त्रियांसाठी १९९० सालचा तो शोधनिबंध म्हणजे निर्दोषत्वाची प्रतच होय.

येथे आपल्या समाजाच्या दृष्टीने एक गोष्ट समजून घेणे आवश्यक आहे. सोयरीक जुळविताना गोत्रे टाळण्याची आपली चाल आहे. आई आणि वडील या दोघांकडून सदोष जनुक आल्यावरच होणारे जे आजार आहेत, त्यांच्या बाबतीत जवळच्या नात्यातील विवाह टाळण्याला शास्त्राधार आहे. परंतु प्रस्तुत हृदयविकार तसा नाही. येथे एकाच बाजूने आलेली एकच सदोष प्रत पुरेशी असते. बाधित पित्याच्या वा मातेच्या प्रत्येक अपत्याला, मुलगा असो वा मुलगी, ती मिळण्याची शक्यता निम्मी असते. म्हणून गोत्रे टाळूनही या व्याधीपासून संरक्षण मिळत नाही. संरक्षण मिळते ते फक्त माहितीने.

ती माहिती कशी उपयोगी पडते, हे साइडमन यांच्या पुढील कार्यातून दिसते. १९९१ साली त्यांच्या गटाने दाखविले की हृदयाचा तुकडा न काढता साध्या रक्ताच्या नमुन्यावरून या दोषाचे निदान करता येते, आणि तेही लहान मुलांत, हृदय जाड होण्यापूर्वी. १९९२ साली त्यांनी व ह्यू वॉटकिन्स आदी सहकाऱ्यांनी असे निदर्शनास आणले की मायोसिनमधील सर्व दोष सारखे घातक नाहीत. ४०३ क्रमांकाचा दोष आयुष्य कमी करतो, तर दुसऱ्या एका स्थानावरील दोष असलेली कुटुंबे जवळजवळ सामान्य आयुष्य जगतात. १९९४ साली बारीक धाग्याशी निगडित असलेल्या दोन प्रथिनांमध्येही दोष सापडले, आणि हा एका प्रथिनाचा नव्हे, तर आकुंचन घडविणाऱ्या संपूर्ण यंत्रणेचा आजार आहे, हे स्पष्ट झाले. ट्रोपोनिन-टी या प्रथिनाच्या दोषात तर हृदयाची जाडी थोडीच असते, पण अकस्मात मृत्यूचा धोका मोठा असतो, हे १९९५ साली उघड झाले. उलट दुसऱ्या एका प्रथिनातील दोष उतारवयातच प्रकट होतो, हे १९९८ साली कळले. एकच व्याधी, पण कारणे अनेक. एकच कारण, पण परिणाम भिन्न. कोणतीही वस्तू एकाच बाजूने पाहून निर्णय देऊ नये, हा अनेकान्ताचा धडा प्रयोगशाळेनेही आपल्या पद्धतीने गिरविला.

या कार्याचा विस्तार एकाच आजारापुरता राहिला नाही. हात आणि हृदय यांच्या जन्मजात विकृती एकत्र आढळतात असा एक विकार आहे. त्याचे जनुक १९९७ साली दोन गटांनी शोधले, त्यांपैकी एकाच्या कामात साइडमन दांपत्य होते. २०१२ साली त्यांच्या गटाने हृदय पसरून दुर्बळ होण्याच्या आजाराचे एक मोठे कारण शोधले. टायटिन हे मानवी शरीरातील सर्वांत मोठे प्रथिन. अशा आनुवंशिक रुग्णांपैकी सुमारे २५ टक्के जणांत त्याची साखळी अर्धवट तुटलेली आढळली. २०१६ साली बाळंतपणाच्या सुमारास हृदय दुबळे पडलेल्या १७२ स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांपैकी सुमारे १५ टक्के स्त्रियांत आनुवंशिक दोष सापडला व त्यांत टायटिनचा वाटा मोठा होता. बाळंतिणीला धाप लागली की ‘अशक्तपणा आहे, खाऊ घाला’ म्हणून जे दुर्लक्ष होते, त्याविरुद्ध हा इशारा आहे.

आता एका नाजूक प्रश्नाकडे वळले पाहिजे. अहिंसेला परम धर्म मानणाऱ्या सभेत तो टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. या संशोधनात मूषकांचा, म्हणजे उंदरांचा, वापर झाला आहे. १९९६ साली ४०३ क्रमांकाचाच दोष असलेले उंदीर तयार करण्यात आले आणि पुढील बहुतेक औषधे प्रथम त्यांच्यावर अजमावली गेली. ज्या औषधाने एका घरातील तरुण वाचतो, त्याच्या मागे मुक्या जीवांची वेदना आहे. हे सत्य झाकून औषधाची स्तुती करणे योग्य नाही. आणि ते औषध लागणाऱ्या आईबापांना दोषी ठरविणे हेही करुणेला धरून नाही. या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर अद्याप कोणाजवळही नाही. परंतु एक दिशा दिसते. २०१५ साली याच प्रयोगशाळेतून प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मानवी पेशींपासून काचेच्या तबकडीत हृदयस्नायूची ऊती वाढवून टायटिनच्या दोषाचा परिणाम मोजण्यात आला. अमेरिकेत २०२२ साली नव्या औषधासाठी प्राण्यांवरील चाचणीची सक्ती कायद्याने दूर झाली आणि भारतातही २०२३ साली नियमांत दुरुस्ती होऊन प्राण्यांविना होणाऱ्या चाचण्यांना मान्यता मिळाली. जीवदयेच्या कार्यासाठी जो निधी आपला समाज उभारतो, त्याचा एक अंश अशा पर्यायी पद्धतींच्या संशोधनाला आणि त्या शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना मिळाला, तर पांजरापोळाइतकेच ते जीवदयेचे काम ठरेल.

निदानापासून उपचारापर्यंतचा मार्ग लांब असतो. मायोसिन दोषयुक्त झाला की तो दुबळा होत नाही. उलट गरजेपेक्षा अधिक जोराने ओढतो आणि पुरेसा सैलावत नाही, हे ध्यानात आल्यावर त्याला किंचित आवर घालणारे औषध शोधण्याची कल्पना पुढे आली. क्रिस्टीन साइडमन आणि मायोसिनचे अन्य अभ्यासक यांच्या सहभागातून २०१२ साली त्यासाठी एक कंपनी स्थापन झाली. २०१६ साली उंदरांवरील निष्कर्ष आणि २०२० साली २५१ रुग्णांवरील चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. जाड पडद्यामुळे ज्यांच्या हृदयातून रक्त बाहेर पडण्यास अडथळा होतो, अशा रुग्णांसाठी एप्रिल २०२२ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने मावाकॅम्टेन या औषधाला मंजुरी दिली. १९९० साली जनुक सापडले आणि २०२२ साली त्याच ज्ञानावर आधारलेले औषध रुग्णाच्या हाती आले. मध्ये ३२ वर्षे गेली. मात्र हे औषध हृदयाचा जोर कमी करते, म्हणून ते वारंवार तपासणी करीतच द्यावे लागते. अमेरिकेत प्रारंभी त्याची छापील किंमत वर्षाला ८९,५०० डॉलर होती. व्यापारी समाजाला या आकड्याचा अर्थ वेगळा सांगण्याची गरज नाही. ज्ञान सर्वांचे असते, पण त्याचे फळ मोजक्यांच्याच हाती पडते. ही दरी भरून काढणे हेच औषधदानाचे आजचे रूप आहे. या पार्श्वभूमीवर, रक्तदाबाचे जुने व परिचित औषध व्हाल्सार्टन व्याधीच्या आरंभीच्या अवस्थेत दिल्यास हृदयाची स्थिती तुलनेने चांगली राहते, हा १७८ जणांवरील चाचणीतून २०२१ साली आलेला निष्कर्ष आशादायक आहे. अर्थात कोणतेही औषध तज्ज्ञांच्या सल्ल्यावाचून घेऊ नये.

२०२३ साली या कथेचा आणखी एक अध्याय लिहिला गेला. साइडमन गटाने उंदरांच्या हृदयपेशींत शिरून त्याच ४०३ क्रमांकाचे चुकलेले अक्षर दुरुस्त केले. एका मात्रेने हृदयाच्या आकुंचन पावणाऱ्या पेशींपैकी ७० टक्के वा अधिक पेशींत दुरुस्ती झाली आणि ती व्याधी टळली. माणसासाठी हा उपचार सिद्ध व्हायचा आहे. परंतु जे अक्षर १९९० साली प्रथम वाचले गेले, ते ३३ वर्षांनी खोडून पुन्हा बरोबर लिहिता आले, ही एकाच साधकाच्या आयुष्यात घडलेली असामान्य घटना आहे.

या विषयाचा आपल्या देशाशीही थेट संबंध आहे. हैदराबाद येथील पेशीय व रेणवीय जीवशास्त्र केंद्र आणि मदुराई कामराज विद्यापीठ यांतील संशोधकांनी २००९ साली दाखविले की हृदयस्नायूतील मायोसिनला बांधून ठेवणाऱ्या एका प्रथिनाच्या जनुकात २५ अक्षरांची गाळणूक सुमारे ४ टक्के भारतीयांत आढळते. त्यावरून कोट्यवधी भारतीयांना हृदयविकाराचा शाप असल्याची भीती पसरली. पुढे २०१८ साली आणि २०२० साली झालेल्या अभ्यासांनी या निष्कर्षाची बारकाईने फेरतपासणी केली. त्यांत असे दिसले की धोक्याचा मोठा भाग त्या गाळणुकीचा नसून काही जणांत तिच्याबरोबर वाहून आलेल्या दुसऱ्या दोषांचा आहे. केवळ ती गाळणूक असलेल्या बहुसंख्यांनी घाबरण्याचे कारण नाही. २०२० सालच्या अभ्यासात, पूर्वी साइडमन यांच्या प्रयोगशाळेत काम केलेले ह्यू वॉटकिन्स होते. अर्धे ज्ञान भय देते, पूर्ण ज्ञान अभय देते, याचे याहून चांगले उदाहरण नाही.

जनुके हेच का कर्म, असा प्रश्न आपल्याकडे साहजिकपणे विचारला जातो. शास्त्र आणि सिद्धान्त यांची अशी घाईने सांगड घालू नये. परंतु एवढे निश्चित म्हणता येईल की कर्मसिद्धान्ताने माणसाला हात जोडून बसण्यास कधीच सांगितलेले नाही. उदयास आलेले भोगावे लागते. पण ते समभावाने भोगणे, योग्य पुरुषार्थ करणे आणि इतर जीवांचे दुःख हलके करणे हे मनुष्याच्या हाती आहे. जन्मतः मिळालेला दोष हा कोणाचाही अपराध नाही. ज्याने तो दिला त्या पित्याचा नाही, ज्याला तो मिळाला त्या मुलाचाही नाही. म्हणूनच त्याची लाज बाळगण्याचे कारण नाही.

आणि तरीही आपण तो लपवितो. मुलीचे लग्न मोडेल, मुलाला स्थळे येणार नाहीत, विमा मिळणार नाही, या भयाने घरातील तरुण मृत्यूचे खरे कारण शेजारच्याच काय, सख्ख्या भावाच्या कुटुंबालाही सांगितले जात नाही. हे भय निराधार आहे असे म्हणता येणार नाही. विम्यापुरते सांगायचे तर याच व्याधीच्या एका रुग्णाचा दावा नाकारला गेला असता दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ साली आनुवंशिक विकारांच्या नावाखाली होणाऱ्या भेदभावाविरुद्ध निर्णय दिला. तो वाद पुढे सर्वोच्च न्यायालयात गेला. परंतु त्याच वर्षी विमा नियामकानेही आनुवंशिक विकार सरसकट वगळणारी अट नव्या आरोग्य विम्यात घालू नये, असे कंपन्यांना कळविले. समाजाने मात्र अजून आपला निर्णय दिलेला नाही. जो पिता आपल्या मुलाच्या मृत्यूचे कारण पुतण्याला सांगतो, त्याची सोयरीक तोडायची की त्याला नमस्कार करायचा, हे आपणच ठरवायचे आहे.

करावयाचे कार्य तसे फार खर्चाचे नाही. ज्या घरात चाळिशीच्या आत अकस्मात मृत्यू झाला असेल, किंवा ज्यांना या विकाराचे निदान झाले असेल, त्यांच्या आई-वडिलांची, भावंडांची आणि मुलांची हृदयतज्ज्ञांकडून तपासणी, ई.सी.जी. आणि टू-डी एको, व्हावी. आणि एकदा निर्दोष आढळले तरी तज्ज्ञ सांगतील त्याप्रमाणे ती पुन्हा करावी, कारण जाडी वाढत्या वयात नंतरही प्रकट होऊ शकते. खेळताना वा धावताना चक्कर येणे, शुद्ध हरपणे, छातीत धडधड होणे, याला मुलांचा अशक्तपणा समजू नये. तज्ज्ञांना आवश्यक वाटल्यास जनुकीय तपासणी करावी. धोका मोठा असेल तर ठेका बिघडताच हृदयाला झटका देऊन सावरणारे यंत्र छातीत बसविता येते. धर्मादाय संस्थांच्या आरोग्य शिबिरांत साखर आणि रक्तदाब तपासला जातो, त्याच्या जोडीला अशा कुटुंबांसाठी एको तपासणीची सोय व्हावी. नोंद ठेवावी, पण ती कुलुपात ठेवावी. कुटुंबाच्या संमतीवाचून तिच्यातील एक अक्षरही बाहेर जाता कामा नये. सत्य आणि करुणा हे दोन्ही एकत्र पाळले गेले तरच लोक विश्वासाने बोलतील.

डॉ. क्रिस्टीन साइडमन यांना मानसन्मान पुष्कळ मिळाले. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीचे सदस्यत्व मिळाले. परंतु त्यांच्या कार्याचा खरा पाया ज्या कुटुंबाने घातला, त्यातील कोणाचेही नाव जगाला ठाऊक नाही. त्यांनी आपल्या दिवंगतांची नोंद करू दिली, आपले रक्त दिले आणि आपल्या घरातील दुःख जगाच्या उपयोगी पडू दिले. त्यांच्यापैकी अनेकांना त्याचा स्वतःला काहीच लाभ झाला नाही. पुढील पिढ्यांना मात्र अभय मिळाले.

आपल्या वंशावळींत जन्माचे आणि विवाहाचे रकाने आहेत. त्यांच्या शेजारी आणखी एक रकाना आखावा आणि त्यात जे घडले ते खरेखरे लिहावे. कोणत्या तरी घरातील न जन्मलेल्या बालकाला त्यातून अभयदान मिळेल.

जय जिनेंद्र.